भंडारा १९५४ : बाबासाहेब हरले ती पोटनिवडणूक

मे १९५४. भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना १,४०,८६४ मते मिळाली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १,३२,४८३ मते मिळाली. फरक ८,३८१ मतांचा. ज्या महामानवाने या देशाची राज्यघटना लिहिली, ज्याने इथल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या हातात मतपत्रिका दिली, त्यालाच त्या मतपत्रिकेने लोकसभेच्या दारातून परत पाठवले. तेही दुसऱ्यांदा.

१९५२ चा मुंबईतला पराभव आपल्या बहुतेक तरुणांना माहीत असतो. भाषणात त्याचा उल्लेख येतो, काजरोळकरांचे नाव येते, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. भंडाऱ्याची पोटनिवडणूक मात्र क्वचितच सांगितली जाते. सांगितली तरी काँग्रेसने बाबासाहेबांना पाडले एवढ्या एका वाक्यात. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. चिखलोली, अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आमच्या पट्ट्यात दर निवडणुकीला आपली मुले बूथवर बसतात, स्लिपा वाटतात, झेंडे लावतात. त्यांच्यासाठी आम्ही बाबासाहेबांचे चरित्र या वेळी एका वेगळ्या बाजूने मांडत आहोत. विद्वान, घटनाकार, धम्मप्रवर्तक बाबासाहेब आपण वाचतो. उमेदवार बाबासाहेब फारसे वाचत नाही.

मत हा त्यांचा पहिला विषय

१४ एप्रिल १८९१ ला महू येथे जन्म, रामजी सुभेदारांचे संस्कार, एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन हा प्रवास आपल्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. त्यांचे राजकीय जीवन सुरू झाले ते मताधिकाराच्या प्रश्नाने.

२७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि वय होते सत्तावीस वर्षे. त्या काळी मत मिळायचे ते मालमत्ता, शेतसारा, शिक्षण पाहून. ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत त्याच्याकडे मालमत्ता कुठून येणार? तरुण भीमरावांनी समितीला दोन गोष्टी सांगितल्या. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा, आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या. पहिली मागणी मत मिळण्याची होती, दुसरी त्या मताला किंमत मिळण्याची. पुढची सदतीस वर्षे बाबासाहेब याच दोन मागण्यांसाठी लढले. पहिली पूर्ण झाली. दुसरीचे काय झाले ते भंडाऱ्याने दाखवले.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. तो मिळत असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालेल, नाही तर स्वतंत्र मतदारसंघ हवा, अशी त्यांची भूमिका होती. गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात तो मान्य झाला. अस्पृश्य मतदाराला दोन मते मिळणार होती. एक आपल्या स्वतंत्र मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. म्हणजे आपला माणूस आपण निवडायचा, आणि सवर्ण उमेदवारालाही आपल्या वस्तीत मत मागायला यावे लागेल.

मग येरवड्यातले उपोषण झाले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारावर सह्या झाल्या. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. जागा वाढल्या, पण त्या जागांवर कोण बसणार हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार संयुक्त मतदारसंघाकडे गेला. आपल्या लोकांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांची निवड करायची आणि त्यातल्या कोणाला पाठवायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. सगळ्यांनी म्हणजे ज्यांची संख्या जास्त त्यांनी. जागा आपली, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती.

जिंकलेली निवडणूक

बाबासाहेब निवडणूक जिंकू शकत नव्हते असे म्हणणाऱ्यांना १९३७ दाखवावे. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जेमतेम सहा महिन्यांत मुंबई प्रांताच्या निवडणुका आल्या. पक्षाने १३ राखीव आणि ४ सर्वसाधारण जागा लढवल्या, त्यातल्या ११ आणि ३ जिंकल्या. म्हणजे सतरापैकी चौदा. स्वतः बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना. चर्मकार समाजातला हा थोर फिरकी गोलंदाज सगळ्या मुंबईचा लाडका होता. तरीही बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे आणि कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घ्यावा. त्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या अनेक सदस्यांच्या मतदारसंघांत मतदाराला जेवढी मते असत तेवढी सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. याला संचयी मतदान म्हणतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ही पद्धत शंभरहून अधिक वर्षे चालली. संख्येने कमी असलेल्या समाजासाठी ही मोठी ढाल असते. आपण थोडे असलो तरी आपली सगळी मते एका जागी साठवून आपला माणूस निवडून आणू शकतो. बाबासाहेबांना या पद्धतीचे मोल पक्के ठाऊक होते.

घटना समितीत दोन वेळा प्रवेश

१९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा जवळजवळ पूर्ण पाडाव झाला. बाबासाहेबांनी तेव्हा आकड्यांनिशी दाखवले की जिथे प्राथमिक निवडणूक झाली आणि फक्त अस्पृश्यांनी मते दिली तिथे फेडरेशनचे उमेदवार पुढे होते. अंतिम निवडणुकीत सवर्णांची मते पडली आणि तेच उमेदवार मागे गेले.

मुंबईतून घटना समितीत जाण्याचा मार्ग बंद झाला. तेव्हा बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल धावून आले. जुलै १९४६ मध्ये बंगालच्या विधिमंडळातून बाबासाहेब घटना समितीत पोहोचले. पुढे फाळणीत ती जागा गेली. त्याच सुमारास मुंबईतून निवडून गेलेले डॉ. मु. रा. जयकर यांनी आपली जागा सोडली होती. त्या जागेसाठी जुलै १९४७ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि या वेळी काँग्रेसच्या पाठिंब्याने बाबासाहेब परत आले. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना त्यासाठी पत्र लिहिले होते.

म्हणजे त्यांच्या आयुष्यात दोन मोठ्या पोटनिवडणुका आल्या. १९४७ ला काँग्रेसला त्यांची गरज होती, म्हणून दार उघडले. १९५४ ला गरज नव्हती, म्हणून तेच दार लावले गेले. मधल्या सात वर्षांत बाबासाहेबांनी काय केले? ऑगस्ट १९४७ पासून मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, २६ नोव्हेंबर १९४९ ला देशाला घटना दिली, कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली, आणि ते बिल गुंडाळले जात आहे हे पाहून सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. सत्तेत राहण्यासाठी एवढेच करायचे होते की गप्प बसायचे. ते त्यांना जमले नाही.

१९५२ : दुसऱ्या मताचा पहिला धडा

पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबई उत्तर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. फेडरेशनचे चिन्ह हत्ती. मतदाराने आपल्या दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या होत्या. एकाच उमेदवाराला दोन्ही मते देणे कायद्याने बंद झाले होते. १९३७ ची ढाल आता हातात नव्हती. हा कायदा, म्हणजे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, मंजूर झाला तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते.

फेडरेशन आणि समाजवादी पक्ष एकत्र लढले. बाबासाहेब राखीव जागेवर, अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर आणि विठ्ठल गांधी, शिवाय कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली आणि ते सुमारे चौदा हजार मतांनी हरले. सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. मते कुजवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करून बाबासाहेब आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला.

मते कुजवणे म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. आपल्या उमेदवाराला एक मत द्यायचे आणि दुसरे मत मुद्दाम वाया घालवायचे. दुसऱ्याच्या खात्यात एक मत जाण्यापेक्षा ते मेलेले बरे, असा हिशेब. हा शब्द लक्षात ठेवा. भंडाऱ्यात तोच प्रश्न बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांपुढे आला.

त्याच वर्षी मुंबई राज्यातून बाबासाहेब राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य राहिले. म्हणजे संसदेत बसायला त्यांना भंडाऱ्याची गरज नव्हती. मग साठी उलटल्यावर, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर थकलेले असताना, वैनगंगेच्या काठी एप्रिलच्या उन्हात ते का गेले? आम्हाला याचे उत्तर सरळ दिसते. राज्यसभेत आमदार पाठवतात, लोकसभेत जनता पाठवते. ज्याने प्रौढ मताधिकारासाठी आयुष्य वेचले त्याला जनतेचा कौल हवा होता.

भंडाऱ्याची जागा रिकामी कशी झाली

ही गोष्ट आपल्या समाजाने खास माहीत करून घ्यायला हवी, कारण तिचा संबंध धर्मांतराशी आहे.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता. धानाची शेती, विडीचे कारखाने, हातमाग यांवर जगणारा हा भाग. १९५२ ला इथून दोन काँग्रेस खासदार निवडून आले. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे. या निवडणुकीला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

त्यात दोन मुद्दे होते. पहिला, जसानी भागीदार असलेल्या विडी कंपनीचा लष्कराच्या कँटीनला विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी असा करार असलेला माणूस निवडणुकीला उभा राहू शकत नाही, म्हणून ते अपात्र ठरले. दुसरा मुद्दा आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा. गंगाराम ठवरे नावाच्या उमेदवाराचा राखीव जागेचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. कारण काय, तर ते महानुभाव पंथात गेले, म्हणून आता महार राहिले नाहीत. न्यायालयाने हे कारण मानले नाही. पंथाची तत्त्वे स्वीकारली तरी त्या माणसाने जात सोडलेली नाही, जातीनेही त्याला बाहेर काढलेले नाही, तेव्हा तो महारच आहे आणि त्याचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असा निर्णय झाला. अर्ज चुकीने फेटाळला म्हणून सगळी निवडणूकच रद्द ठरली. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

आता याचे पुढचे टोक पाहा. १९५६ नंतर आपले लोक बौद्ध झाले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम बौद्ध झाले आहेत म्हणून त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले. तिथे सर्वोच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला. बौद्ध धम्म स्वीकारला म्हणजे ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, निवड रद्द. १९९० मध्ये कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तोपर्यंत बौद्ध म्हणून उघडपणे जगणाऱ्या माणसाला राखीव जागा लढवता येत नव्हती. ज्यांनी कागदावर हिंदू लिहिणे नाकारले त्या पिढीने किती मोठी किंमत मोजली, याचा हिशेब आपण फारसा करत नाही.

प्रचार आणि दुसऱ्या मताचा प्रश्न

पोटनिवडणूक जाहीर झाली. फेडरेशनने राखीव जागेवर बाबासाहेबांना उभे केले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. विदर्भातले फेडरेशनचे कार्यकर्ते जिवाचे रान करून कामाला लागले. ज्यांच्या घरात दोन वेळची भाकर नव्हती त्यांनी निवडणुकीसाठी पैसा उभा केला. पायी आणि बैलगाडीने गावोगाव प्रचार झाला. बाबासाहेबांनी आपल्या सभांत पंडित नेहरूंच्या सरकारच्या देशांतर्गत आणि परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. आपल्यावर झालेल्या अन्यायाचे रडगाणे त्यांनी गायले नाही. देशाचा कारभार कसा चालला आहे यावर ते बोलले.

आता कार्यकर्त्यांपुढचा पेच समजून घ्या. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. आपल्या लोकांचे एक मत बाबासाहेबांना, यात शंका नव्हती. दुसरे मत कोणाला? मेहतांना द्यायचे तर मेहतांचे सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देतील याची खात्री काय? मुंबईचा अनुभव ताजा होता. म्हणून काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांना सांगू, दुसरे मत कुजवा.

बाबासाहेबांनी नकार दिला. चळवळीतल्या जुन्या लोकांच्या आठवणींत ही नोंद पुन्हा पुन्हा येते. ज्या घटनेने मत दिले ती मी लिहिली, तेव्हा मत वाया घालवा असे मी लोकांना सांगणार नाही, हरलो तरी चालेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

तरुण मित्रांनो, इथे थोडे थांबून विचार करा. हा माणूस भाबडा नव्हता. पुणे करारापासून १९५२ पर्यंत संयुक्त मतदारसंघाने काय केले ते त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. मुंबईत याच गोष्टीसाठी तो न्यायाधिकरणापर्यंत गेला होता. मते कुजवण्याविरुद्ध ज्याने दाद मागितली त्याने स्वतःच्या फायद्यासाठी तेच करावे, हे त्याला मान्य झाले नाही. आपल्यावर झालेली लबाडी आपल्याला लबाडीचा परवाना देत नाही, हा धडा आम्हाला भंडाऱ्यात दिसतो. पुढे त्यांनी आपल्याला दिलेल्या पंचशीलाशी तो किती जुळतो!

एकाच मतदारसंघाचे दोन कौल

निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर काँग्रेस हरली आणि अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेस जिंकली आणि बाबासाहेब हरले.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. मतदार तेच, मतदारसंघ तोच, निवडणूक तीच. भंडाऱ्यातला मतदार काँग्रेसवर खूश होता असे म्हणावे तर मेहता कसे जिंकले? काँग्रेसवर नाराज होता म्हणावे तर बाबासाहेब कसे हरले? चळवळीत याचे एकच उत्तर आजवर सांगितले जाते आणि आम्हालाही ते पटते. आपल्या लोकांचे दुसरे मत मेहतांकडे गेले. मेहतांच्या सवर्ण मतदारांचे दुसरे मत बाबासाहेबांकडे पुरेसे आले नाही. आपण युती पाळली, समोरच्या मतदाराने जात पाळली.

भाऊराव बोरकरांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सगळ्या देशात ज्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते असे ते उमेदवार होते आणि त्यांनी घटनेच्या शिल्पकाराला हरवले. हा विजय अनेकांना आश्चर्याचा वाटला. पण तेही अनुसूचित जातीतलेच होते आणि त्यांना उभे राहण्याचा पूर्ण हक्क होता. आपल्याकडे अशा उमेदवारांना शिव्या घालण्याची सवय आहे. त्यातून राग निघतो, प्रश्न सुटत नाही. प्रश्न व्यक्तीचा नव्हता. राखीव जागेवर कोण बसावे हे ज्यांच्यासाठी ती जागा राखीव आहे त्यांनी ठरवायचे की इतरांनी, हा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, या जागेसाठी पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसच्याच अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या.

पराभवानंतरची अडीच वर्षे

बाबासाहेब भंडाऱ्याला कवटाळून बसले नाहीत. त्याच मे महिन्यात ते बुद्धजयंतीसाठी रंगूनला गेले. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी पुन्हा ब्रह्मदेशात गेले. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली. मग १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा तो दिवस आला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ ला, महापरिनिर्वाण.

म्हणून काही लोक म्हणतात की निवडणुकीत हरले म्हणून ते धम्माकडे वळले. हे साफ चूक आहे. धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ मध्ये झाली होती, तेव्हा ना मुंबईचा पराभव होता ना भंडाऱ्याचा. आणि राजकारणही त्यांनी सोडले नाही.

भंडाऱ्यानंतरचे त्यांचे राजकीय काम पाहा. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळातल्या राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्या जागा दुसऱ्यांच्या मतांवर भरल्या जातात त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत, हा त्यामागचा विचार. हा ठराव नोकऱ्या आणि शिक्षणातल्या आरक्षणाबद्दल नव्हता, हे आवर्जून सांगतो, कारण आरक्षणाचे विरोधक तो मोडून-तोडून वापरतात. त्याच वर्षी भाषावार राज्यांविषयी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी पर्यायही दिला. दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ करा आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा द्या. म्हणजे पुन्हा संचयी मतदान. भंडाऱ्यात मत कुजवायला नकार देणारे बाबासाहेब इथे कायदा बदलायला सांगत होते. चोरवाट नको, पण रस्ता चुकीचा असेल तर तो बदला.

त्यांच्या मनातला नवा पक्ष त्यांच्या पश्चात, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपूरला स्थापन झाला. तोच रिपब्लिकन पक्ष. त्याआधी १९५७ च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत पोहोचले. भंडाऱ्यात न मिळालेली इतरांची मते तीन वर्षांत कशी मिळाली? तेव्हा सगळा मराठी मुलूख एका प्रश्नावर पेटला होता आणि आपला समाज त्या लढ्यात पुढे होता. युती कागदावर नव्हती, रस्त्यावर होती. म्हणून मते दोन्ही बाजूंनी फिरली.

आज आपल्यासाठी

दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. आज लोकसभा आणि विधानसभेला एकच मत असते. पण भंडाऱ्याचा प्रश्न संपला नाही. आमच्या अंबरनाथची विधानसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव आहे म्हणजे आपलीच आहे, असे समजणाऱ्या तरुणांनी भंडाऱ्याचे आकडे एकदा पाहावेत. राखीव जागेवर उमेदवार आपल्यातला असतो, निवडणारे सगळे असतात. जो सगळ्यांच्या मतांवर येतो तो कोणाला उत्तर देतो, हे नंतर आपण पाहतोच.

नगरपालिका आणि महापालिकेत तर भंडाऱ्याची आठवण आणखी जवळची आहे. एका प्रभागात दोन किंवा अधिक जागा, प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण. युतीत आपण सगळी बटणे इमाने दाबतो. समोरचे मतदार आपल्या उमेदवाराचे बटण दाबतात का? हे बूथनिहाय आकडे पाहून कळते. निकालानंतर गुलाल किंवा रडारड करण्यापेक्षा आपल्या मुलांनी ते आकडे घेऊन बसावे. १९४६ चा पराभव झाल्यावर बाबासाहेबांनी हेच केले होते. कुठे किती मते, कोणाची मते, का पडली, का नाही पडली. त्यांनी पराभवाचा अभ्यास केला, म्हणून त्यांना रोग सापडला.

आम्हाला यातून तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, मत वाया घालवायचे नाही आणि विकायचेही नाही. ज्या मतासाठी सत्तावीस वर्षांचा भीमराव साउथबरो समितीपुढे उभा राहिला ते मत एका रात्रीच्या पार्टीत संपवणे हा त्यांचा अपमान आहे. दोन, युती करताना पक्षाच्या नेत्यांशी बोलून भागत नाही, त्यांच्या मतदारांपर्यंत जावे लागते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आणि विम्कोच्या काडेपेटी कारखान्यात आमच्या आधीच्या पिढ्या सगळ्या जातीधर्मांच्या कामगारांबरोबर राबल्या, संपात एकत्र उतरल्या. ती ओळख निवडणुकीच्या पंधरा दिवसांत तयार होत नाही. तीन, कायद्यातच खोट असेल तर कायदा बदलण्याची मागणी करायला शिका. संचयी मतदान, प्रमाणशीर प्रतिनिधित्व हे शब्द आपल्या अभ्यासवर्गात यायला हवेत. बाबासाहेबांनी ते सत्तर वर्षांपूर्वी मांडून ठेवले आहेत.

भंडाऱ्यात १,३२,४८३ मते बाबासाहेबांना पडली. त्यांतली बहुसंख्य मते विडी वळणाऱ्या, धान रोवणाऱ्या, माग चालवणाऱ्या माणसांची होती. त्यांचा उमेदवार हरला, पण अडीच वर्षांनी तो नागपूरला उभा राहिला तेव्हा याच भंडारा-गोंदिया भागातले लोक पांढरी वस्त्रे घालून, भाकरी बांधून दीक्षाभूमीकडे निघाले. हरलेल्या उमेदवारामागे एवढी माणसे जातात ती सत्तेसाठी जात नाहीत. त्यांना ठाऊक होते की या माणसाने निवडणूक गमावली, पण आपल्याला फसवले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!